व्हाईटवॉल टायरच्या नावाखाली 76,500 रुपयांची फसवणूक : जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांनी अवश्य वाचावे

सांगली-मिरज भागात जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर बाळगणाऱ्यांना सध्या एक इसम गाठत असून, टायरच्या बाजूवर अस्सल रबराची रुंद पांढरी पट्टी (हिलाच व्हाईटवॉल म्हणतात) बसवून देतो, असे सांगून तो पैसे उकळत आहे. माझे 76,500 रुपये त्याने नेले. पैशांपेक्षाही मोठा संताप याचा आहे की, त्याने माझ्या हाती दिलेले टायर रस्त्यावर आणण्याच्या लायकीचे नव्हते आणि त्या टायरांवर मी घरच्या माणसांना बसवून गाडी चालवली.

माझ्याकडे सासऱ्यांची 1956 सालची फियाट अकराशे आहे, जिला आपल्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणून ओळखतात. त्या काळातल्या गाडीला रुंद पांढरी पट्टी शोभते, हे ज्याने अशी गाडी जपली आहे त्याला सांगावे लागत नाही. 5.20-14 (टायरची रुंदी 5.20 इंच, रिम 14 इंच) या मापात तशा पट्टीचे टायर इथल्या दुकानांत मिळत नाहीत आणि परदेशातून मागवायचे तर वाहतूक व सीमाशुल्क धरून हिशेब हाताबाहेर जातो. म्हणून इथेच कोणी बनवून देत असेल तर पाहावे, असा विचार करणे हा काही मूर्खपणा नव्हे. अमेरिकेत काळ्या टायरची बाजू घासून त्यावर पांढरे रबर व्हल्कनाइझ करून, म्हणजे उष्णतेने शिजवून एकजीव करून, देणारे कारखाने खरोखरच आहेत, आणि त्याच माहितीच्या जोरावर हा इसम आपले जाळे टाकतो.

तो अडाणी असता तर मी दारात उभा केला नसता. टायरला काळा रंग कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या पुडीमुळे येतो, ती वापरात येण्याआधीचे टायर झिंक ऑक्साइड या पांढऱ्या पुडीमुळे फिकट दिसत, काळ्या रबरातील तेले व रसायने पांढऱ्या थरात झिरपून पट्टी तपकिरी पडते आणि ते टाळण्यासाठी मध्ये वेगळ्या रबराचा थर द्यावा लागतो, हे सर्व त्याने मला न अडखळता सांगितले. 1960 नंतरच्या दोन-तीन वर्षांत रुंद पट्टी मागे पडून अरुंद पट्टी आली, तेव्हा तुमच्या गाडीला अडीच इंचांचीच हवी, हेही त्यानेच सुचवले. यातील एकही गोष्ट खोटी नाही.

पाच नवे नायलॉन टायर प्रत्येकी 4,200 रुपयांप्रमाणे 21,000, आणि पट्टीचे काम प्रत्येकी 9,500 प्रमाणे 47,500, असे एकूण 68,500 रुपये ठरले. त्यापैकी 40,000 आगाऊ यूपीआयने दिले. काही दिवसांनी परदेशी रबराचा भाव चढल्याचे कारण सांगून त्याने आणखी 8,000 मागितले, तेही त्याच मार्गाने दिले. उरलेले 28,500 माल ताब्यात घेताना त्याने रोखच मागितले. बिल मागितले तेव्हा, "बिलाचं काय घेऊन बसलात साहेब, जीएसटी उगाच तुमच्याच अंगावर पडेल," असे उत्तर मिळाले. बिल नाही म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, त्याचे ज्ञान कितीही अगाध असो.

माल घेतला तो दिवस मला आजही झोपू देत नाही. मिरज रस्त्यालगतच्या शेडमध्ये पाचही टायर ओळीने उभे होते आणि त्यांच्या पट्ट्यांवर निळा थर दिलेला होता. ज्यांनी अस्सल व्हाईटवॉल टायर पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल की, वाहतुकीत पट्टी मळू नये म्हणून कारखान्यातून असाच निळा थर देऊन माल पाठवतात आणि तो नंतर पाण्याने धुतात. तो निळा रंग पाहूनच माझी खात्री पटली. जाणकार गिऱ्हाईक काय शोधते हे त्याला पक्के माहीत होते आणि त्याने नेमके तेच माझ्यासमोर मांडले. माझा भाचा मात्र खाली बसून टायर निरखत होता. "मामा, ट्रेडच्या खाचेत हे पांढरे शिंतोडे कसले?" असे त्याने विचारले. ट्रेड म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग. शिंतोडे खरोखरच होते, मोहरीएवढे, दोन-तीन खाचांत वाळून घट्ट बसलेले. रबर साच्यात दाबून शिजवतात, ते उडत नाही. उडतो तो फवाऱ्याचा रंग. शेडमध्ये ना बॉयलर होता ना दाबयंत्र ना साचा. कोपऱ्यात एक ग्राइंडर, चिकटपट्टीची रिळे आणि थिनरचा वास, एवढेच होते. "घासताना उडालेली पूड आहे हो ती, पुसली की जाईल," असे तो हसत म्हणाला आणि भाच्याला मीच गप्प केले. 48,000 रुपये आधीच त्याच्या खिशात गेलेले असताना, समोर तयार दिसणारा माल सोडून वाद घालत बसणारा माणूस मला तरी दाखवा.

निळा थर आठ दिवस धुवू नका, रबर मुरू द्या, असे त्याने बजावले होते. त्या आठ दिवसांत त्याचा फोन बंद झाला. धुतल्यावर पट्टी पांढरीशुभ्र निघाली आणि गाडी खरोखर देखणी दिसू लागली, हेही कबूल करायला हवे. उन्हाळ्यात तासगावहून परतताना सुकाणू डावीकडे ओढू लागले. उतरून पाहिले तर पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता आणि पट्टीला गोल चिरा पडून कडेने पिवळट डाग धरला होता. कवलापूरच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याने चाक उतरवले, नखाने पट्टी खरवडली आणि रंगाचा पापुद्रा सोलून माझ्या तळहातावर ठेवला. खाली काळे रबर इतके घासलेले होते की, आतील नायलॉनचे धागे दिसत होते.

पट्टी एकसारखी दिसावी म्हणून त्याने टायरवरची उठावदार अक्षरे ग्राइंडरने उडवली होती, आणि त्या अक्षरांबरोबर टायर कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी बनला हे सांगणारे चार आकडेही गेले होते. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, आणि बहुधा ते टायरच्या एकाच बाजूला छापलेले असतात. पाचही टायरांची नेमकी तीच बाजू घासलेली होती. खाचांच्या तळाशी बारीक भेगा होत्या, म्हणजे 21,000 रुपयांचे ते नवे टायर मुळात जुनेच होते. टायर घासायला देण्यापूर्वी त्या आकड्यांचा फोटो स्वतः काढा, आणि टायर स्वतः दुकानातून बिलासह विकत घेऊन मगच कोणाच्या हाती द्या.

पोलीस ठाण्यात मला जे ऐकावे लागले त्याने अंगाची लाही झाली. पहिल्याने विचारले, "काका, टायरला रंगच लावून घेतला ना? मग त्यात फसवणूक कसली?" दुसऱ्याने हा दिवाणी वाद असल्याचा निवाडा उभ्या-उभ्या दिला. तिसऱ्याने, शेड आमच्या हद्दीत येत नाही, असे सांगून पलीकडच्या ठाण्यात पिटाळले. तिथे, पैसे घरी बसून पाठवलेत तर तुमच्याच ठाण्यात जा, असे म्हणून परत पाठवले. बिल कुठे आहे, असे प्रत्येकाने विचारले, जणू चोराने पावती दिली असती तर मी तिथे गेलो असतो! धागे उघडे पडलेला टायर मी डिकीतून उतरवून ठाण्याच्या व्हरांड्यात ठेवला, तर तो उचलायला लावला, कारण साहेब येणार होते. शेवटी अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत असा गुन्हा, म्हणून चार ओळी लिहून घेतल्या, आणि त्यातही 76,500 ऐवजी 48,000 लिहिले, कारण रोखीचा पुरावा नव्हता. टायर फुटून चौघे दगावले असते तर पंचनामा मात्र तत्काळ झाला असता.

हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवत असेल तर ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवता येते. फसवून मालमत्ता द्यायला लावणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (4) खाली दखलपात्र आहे. नोंद नाकारली तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते. मी ती रजिस्टर पोस्टाने पाठवली असून पोच जपून ठेवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो, हे मला ठाण्यातील एकानेही सांगितले नाही.

ज्यांना पट्टी हवीच आहे त्यांनी निदान बाजू घासू देऊ नये. रिम आणि टायर यांच्या मध्ये धरून ठेवायच्या पांढऱ्या रबरी कड्या मिळतात. त्या ट्यूबच्या नायलॉन टायरवर, तेही सावकाश चालवण्यापुरत्या ठीक आहेत, पण आजच्या गाड्यांना असणाऱ्या रेडियल टायरची बाजू जास्त लवते आणि कडी तिला घासत राहते. लवचीक रंग देणाराही असेल तर त्याने तो रंग म्हणून सांगावा आणि रंगाचाच दर घ्यावा. प्रदर्शनात गाडी उभी करण्यापुरता तो पुरतो. रबर म्हणून कोणी विकत असेल तर त्याच्यासमोर कडेला नख रोवून पाहा आणि व्हल्कनाइझ कुठे करतोस ते यंत्र दाखव म्हणा. दाखवायला तयार नसेल तर आगाऊ रक्कम खिशातच ठेवा.

माझे पाचही टायर मी जपून ठेवले आहेत, कारण आयोगापुढे तेच दाखवायचे आहेत. तुमचे असतील तर भंगारात घालू नका. गाडीला साधे काळे टायर प्रत्येकी 3,650 रुपयांना, पाच मिळून 18,250 रुपयांना, पक्क्या बिलावर घेतले. शेडला आता कुलूप आहे. तो इसम कराडकडे अ‍ॅम्बेसेडरवाल्यांशी 5.90-15 च्या मापात हाच व्यवहार बोलत असल्याचे कानावर आले आहे, आणि तिथेही आगाऊ रक्कम 40,000 रुपयेच मागत आहे.