नागपुरात पहिली वापरलेली उघड्या छताची स्पोर्ट्स कार: बॉक्स्टर, झेड४ की एसएलके?

दिवाळी आटोपून सकाळच्या हवेत गारवा आला की नागपुरात उघड्या छताच्या मोटारींची चौकशी सुरू होते आणि उन्हाळा लागला की ती आपोआप थांबते. यंदा ही चौकशी माझ्या भाच्याने केली. त्याला आयुष्यातील पहिली दोन-आसनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, ती वापरलेलीच घ्यायची आहे आणि त्याच्या यादीत तीन नावे आहेत. पहिले २०१२ साली आलेल्या ९८१ पिढीच्या पोर्शे बॉक्स्टरचे, दुसरे २००९ ते २०१६ या काळातील ई८९ पिढीच्या बीएमडब्ल्यू झेड४चे आणि तिसरे २०११ साली आलेल्या आर१७२ पिढीच्या मर्सिडीज एसएलकेचे. चौथे नाव, फेरारी कॅलिफोर्नियाचे, त्याने कागदावर लिहिले नव्हते, पण बोलण्यात ते तीनदा आले. अशा मोटारींची तुलना बहुधा अश्वशक्तीवर आणि ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला लागणाऱ्या सेकंदांवर केली जाते. नागपूरकराने ती छप्पर, इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा आणि वर्कशॉपचे अंतर या तीन गोष्टींवर करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या शहरात मोटार थकते ती याच ठिकाणी.

छपरापासून सुरुवात करू. झेड४ आणि एसएलके या दोघींचे छप्पर धातूचे आहे आणि बटण दाबताच ते साधारण वीस सेकंदांत दुमडून डिकीत जाते. छप्पर बंद असताना या मोटारी साध्या कूपेसारख्या होतात, एसीचा गारवा आत टिकतो आणि बाहेर उभ्या केलेल्या मोटारीवर कावळा किंवा मांजर बसले तरी जीव धास्तावत नाही. त्याची किंमत डिकीत मोजावी लागते. झेड४ची ३१० लिटरची डिकी छप्पर आत गेल्यावर १८० लिटरची उरते, तर एसएलकेची ३३५ वरून २२५ लिटरवर येते. बॉक्स्टरचे छप्पर कापडाचे आहे. ते नऊ सेकंदांत उघडते, ताशी ५० किलोमीटर वेगापर्यंत चालत्या मोटारीतही उघडता येते आणि सामानाच्या जागेला हात लावत नाही. इंजिन मध्यभागी असल्यामुळे पुढे १५० आणि मागे १३० लिटरच्या दोन डिक्या मिळतात, म्हणून दोघांना पेंचला दोन दिवस जायचे असेल तर सामानासाठी या तिघींत सर्वांत सोयीची मोटार, ऐकायला नवल वाटले तरी, बॉक्स्टरच ठरते.

कापड उन्हाने विटते, शिवणीवर कमकुवत होते आणि घडीच्या रेषांवर धूळ धरते, हे खरे आहे. मात्र धातूच्या छपराला ऊन लागत नाही, हा समज चुकीचा आहे. त्याच्या सांध्यांतील रबरी पट्ट्या सुकतात, हायड्रॉलिक तेलाच्या नळ्या जुन्या होतात आणि छप्पर कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगणाऱ्या छोट्या स्विचांपैकी एकानेही चुकीचा निरोप दिला तर संपूर्ण यंत्रणा जागच्या जागी थांबते. मी स्वतः धातूच्या दुमडत्या छपराची एक मोटार या शहरात सहा वर्षे चालवली. एका मे महिन्यात फुटाळ्यावर तिचे छप्पर अर्ध्यावर उभे राहिले. दोष छपराचा नव्हता, उन्हाने खचलेल्या बॅटरीचा होता, पण अर्धवट उघडे छप्पर घेऊन मोटार ताशी वीसच्या वेगाने घरी आणताना मला जे वाटले ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर दर तीन वर्षांनी बॅटरी बदलणे आणि वर्षातून दोनदा रबरी पट्ट्यांना सिलिकॉनचे वंगण लावणे हा मी नियमच केला.

इंजिनांबाबत तिघींत मोठा फरक आहे. भारतात आढळणारी झेड४ बहुतांशी ३५आय असते. तिचे तीन लिटरचे सहा सिलिंडरचे आणि दोन टर्बोंचे, म्हणजे जादा हवा आत दाबणाऱ्या दोन पंख्यांचे, इंजिन ३०६ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. सरळ रस्त्यावर या यादीतील सर्वांत सुखद ढकल याच मोटारीत मिळते. तरीही पहिल्यांदा अशी मोटार घेणाऱ्याला मी ती सुचवताना कचरतो. या इंजिनाचा उच्च दाबाचा इंधनपंप हा जगभर गाजलेला दोष आहे, इंजेक्टर महाग आहेत आणि पाण्याचा पंप विजेवर चालणारा असल्याने तो बंद पडण्याआधी गळतीसारखी सूचना देईलच असे नाही. दोन टर्बोंची उष्णता बॉनेटखाली कोंडलेली असताना नवतपाच्या दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर उभे राहणे ही त्या पंपाची कठोर परीक्षा असते. हे दोन्ही पंप बदलल्याची बिले विक्रेत्याने समोर ठेवली तरच झेड४चा विचार करावा. ई८९च्याही आधीची, २००२ ते २००८ या काळातील कापडी छपराची झेड४ स्वस्तात मिळते, पण तिच्यात छपराचा हायड्रॉलिक पंप पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या कप्प्यातच बसवलेला आहे. पानांनी निचरा तुंबला की पंप बुडून जळतो. नागपुरात शिशिरात कडुनिंबाची पाने गळतात आणि जूनमध्ये पाऊस येतो. मधल्या काळात तो कप्पा कोणी साफ केला नाही तर पुढे काय होणार हे सांगायला मेकॅनिकची गरज नाही.

एसएलके ३५०चे साडेतीन लिटरचे व्ही६ इंजिनही ३०६ अश्वशक्तीचेच आहे, पण त्याला टर्बो नाही आणि जोडीला जुन्या धाटणीचा, टॉर्क कन्व्हर्टरचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. सुरुवातीच्या काही इंजिनांत थंड असताना सुरू करताच टायमिंग चेनचा खडखडाट ऐकू येतो, म्हणून ही मोटार पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल तर त्याचे कारण विचारावे. मानेवर उबदार हवा सोडणारी तिची सोय नागपुरात हास्यास्पद वाटेल, पण जानेवारीच्या पहाटे रामटेकच्या रस्त्यावर छप्पर उघडे ठेवायचे असेल तर तिच्याइतकी उपयोगी सोय दुसरी नाही. चालवताना मात्र एसएलके ही वेगवान आणि आरामदायी मोटार वाटते, तिच्यात स्पोर्ट्स कारचा ताण जाणवत नाही. काहींना हेच हवे असते आणि त्यात गैर काही नाही.

बॉक्स्टरविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण माझा कल तिकडे आहे आणि तिच्याविषयी गैरसमजही सर्वांत जास्त आहेत. बॉक्स्टर घेऊ नकोस, तिचे इंजिन फुटते, असे जे सांगितले जाते ते १९९६ पासून २००८ पर्यंतच्या मोटारींच्या इंजिनातील मधल्या शाफ्टच्या बेअरिंगविषयी आहे. २००९च्या मॉडेलपासून पोर्शेने जे नवे इंजिन आणले त्यात हा शाफ्टच नाही, त्यामुळे ९८१ पिढीला ती भीती लागू होत नाही. या पिढीची साधी बॉक्स्टर २.७ लिटरची, २६५ अश्वशक्तीची आहे आणि बॉक्स्टर एस ३.४ लिटरची, ३१५ अश्वशक्तीची आहे. दोन्ही इंजिने सहा सिलिंडरची, आडवी आणि बिनटर्बोची आहेत. २०१६ साली ७१८ नाव घेऊन आलेल्या पुढच्या बॉक्स्टरमध्ये चार सिलिंडर आणि टर्बो आले. ती अधिक वेगवान आहे, पण पाठीमागून येणारा सहा सिलिंडरचा तो चढता आवाज तिच्यात नाही, आणि ज्याने छप्पर उघडण्यासाठी मोटार घ्यायची ठरवली त्याने आवाजाला दुय्यम मानू नये.

नागपूरसाठी बॉक्स्टरमध्ये पाहण्याची मुख्य जागा म्हणजे पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतील जाळ्या. इंजिन आसनांच्या मागे असले तरी रेडिएटर आणि एसीची उष्णता बाहेर टाकणारे कंडेन्सर या कोपऱ्यांत बसवलेले आहेत. तिथे वाळलेली पाने, धूळ आणि ओलावा साठून कंडेन्सर सडतात. टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिले तर दोन मिनिटांत कळते, आणि पुढे मालक झाल्यावर वर्षातून एकदा बंपर उतरवून ही जागा धुऊन घेतली तर मोठा खर्च टळतो. दुसरी गोष्ट अशी की या मोटारीचे इंजिन सहजी दिसतच नाही. मागच्या डिकीत इंजिन ऑइल आणि कूलंट भरण्याची दोन झाकणे आहेत, एवढेच. त्यामुळे बॉनेट उघडून, कान लावून दोष सांगणारा आपला नेहमीचा मेकॅनिक, कितीही हुशार असला तरी, येथे अडतो. पीडीके या दोन क्लचच्या गिअरबॉक्सचीही संगणक जोडून तपासणी करावी, कारण त्यातील किरकोळ सेन्सर बिघडला तरी काम मोठे निघू शकते.

इथेच वर्कशॉपच्या अंतराचा मुद्दा येतो. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूची कामे नागपुरातच होतात. पोर्शेसाठी मुंबईपर्यंत जाण्याची तयारी ठेवावी लागते. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्याने हे अंतर पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही आणि वर्षातून एकदा मोटार सर्व्हिसिंगला चालवत नेणे हा आनंदाचा भाग मानता येतो. बंद पडलेली मोटार मात्र ट्रकवर चढवूनच न्यावी लागेल. समृद्धीवर निघण्यापूर्वी टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा अवश्य वाचावा. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. कमी चाललेल्या मोटारींच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक झालेले असते, आणि तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० च्या वेगात असे टायर घेऊन तासन्‌तास जाणे जिवावर बेतू शकते. तिघींपैकी कोणतीही घेतली तरी टायर सहा वर्षांहून जुने असतील तर त्यांची किंमत सौद्यातून वजा करावी.

कॅलिफोर्नियाबद्दल थोडक्यात. २००८ साली आलेली ही फेरारी पुढे बसवलेल्या ४.३ लिटरच्या व्ही८ इंजिनाची, ४६० अश्वशक्तीची आणि चौदा सेकंदांत दुमडणाऱ्या धातूच्या छपराची आहे. फेरारींमध्ये ती रोजच्या वापराला सोपी मानली जाते, आणि तिच्या इंजिनात फेरारीच्याच जुन्या ३६० स्पायडरसारखा ठरावीक वर्षांनी बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. तरीही तिच्या कार्बन-सिरॅमिक ब्रेक डिस्क बदलण्याची वेळ आली तर तो खर्च पहिल्यांदाच अशी मोटार घेणाऱ्याची झोप उडवील. भाच्याला मी सांगितले की चार वर्षे यादीतील एखादी मोटार सांभाळ, तिच्या खर्चाची वही ठेव आणि ती वही समोर ठेवून मग कॅलिफोर्नियाकडे पाहा.

वापरलेली मोटार पाहताना पाण्याच्या खुणा शोधणे नागपुरात आता अपरिहार्य झाले आहे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत उभी वाहने पाण्यात गेली. जमिनीलगत बसणारी स्पोर्ट्स कार अशा वेळी गुडघाभर पाण्यातही निकामी होते. मुंबईहून येणाऱ्या मोटारीलाही हीच शंका लावावी. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांसोबत मी बाहेरगावी एक चकचकीत मोटार पाहायला गेलो होतो. आसन मागे सरकवून गालिच्याखाली हात घातला तेव्हा खालचा फोम ओला लागला आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातीची रेषा दिसली. विक्रेत्याने मोटार कालच धुतल्याचे सांगितले. आम्ही चहा घेऊन परतलो.

कागदपत्रांचे काम महाराष्ट्रातील मोटारीबाबत सरळ आहे. नमुना २९ आणि ३० भरून नाव हस्तांतरित होते. दिल्ली किंवा बंगळुरूची मोटार असेल तर नमुना २८चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि मोटारीच्या वयानुसार येथील एकरकमी कर पुन्हा भरावा लागतो, म्हणून परराज्यातील स्वस्त भाव हा कर मिळवल्यानंतरच तपासावा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि या पिढीच्या युरोपीय मोटारी साधारणतः १० टक्के गृहीत धरून बनवलेल्या आहेत, त्यामुळे महिनोन्‌महिने टाकी भरून मोटार उभी ठेवू नये आणि ऑक्टेन निदान ९५ असलेलेच पेट्रोल भरावे. मोटारीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला राहत नसेल तर एक पायरी खालची मोटार घ्यावी.

निवड शेवटी मोटार रात्री कुठे उभी राहणार यावर मी केली. भाच्याच्या फ्लॅट स्कीममध्ये इमारतीखाली झाकलेले पार्किंग आहे आणि फाटकावरचा उतार सौम्य आहे, म्हणून त्याच्यासाठी माझे मत २.७ लिटरच्या साध्या बॉक्स्टरला आहे, एसला नाही. एसची जादा ताकद नागपूरच्या गतिरोधकांमध्ये वापरलीच जात नाही, आणि तोच पैसा टायर, कंडेन्सर आणि बॅटरीसाठी अधिक उपयोगी पडेल. त्याची मोटार उघड्या अंगणात उन्हात राहणार असती तर मी एसएलके ३५० सांगितली असती आणि त्याबद्दल मनात किंतु ठेवला नसता. येत्या शनिवारी आम्ही दोघे मुंबईला २०१३ सालची एक बॉक्स्टर पाहायला जात आहोत. सोबत टॉर्च आणि पाण्याची एक बाटली घेतली आहे. छप्पर अर्धे उघडून निचऱ्याच्या भोकात पाणी ओतायचे आणि ते मागच्या चाकाजवळ जमिनीवर पडते की आत कुठे मुरते, हे इंजिन सुरू करण्याआधी पाहायचे आहे.