पाठीवर की खांद्यावर: लांब लेन्ससाठी बॅग निवडताना

लेन्स बदलताना काय काय सांभाळावं लागतं ते एकदा मोजून बघा. बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), काढलेली लेन्स, लावायची लेन्स आणि लेन्सचं एक झाकण. वस्तू चार, हात दोन. उरलेल्या दोन वस्तू बॅगेनं सांभाळायच्या असतात. लेन्स छोट्या असतील तर एक बगलेत, एक खिशात असं निभावून जातं. दोन किलोची लेन्स बगलेत धरून बघा, मग बोलू.

बॅग विकणारे मात्र आत किती मावतं तेवढंच सांगतात. 'दोन बॉडी, सहा लेन्स, शिवाय लॅपटॉप.' सगळे कप्पे भरलेले असले की कॅमेऱ्यावरची लेन्स काढून ठेवायला जागा उरत नाही. दुसरी लेन्स बाहेर आल्याशिवाय कप्पा मोकळा होत नाही आणि दुसरी धरायला हात मोकळा नसतो. म्हणून बॅग कुठल्याही प्रकारची घ्या, त्यात एक कप्पा कायम रिकामा राहील एवढी मोठी घ्या. मी बॅग बघताना सगळ्यात आधी हेच बघतो.

मग माप. लेन्सच्या नावातले मिलिमीटर, म्हणजे २००-६०० सारखे पल्ल्याचे आकडे, नुसते त्यांच्यावर जाऊ नका. सोनीची २००-६०० आतल्या आत झूम होते, त्यामुळे तिची लांबी कायम सुमारे ३२ सेंमी आणि वजन २.१ किलो. निकॉनची जुन्या एफ माउंटची, म्हणजे लेन्स बसवायच्या जुन्या जोडाची, २००-५०० मिटलेली असताना २७ सेंमीच्या आत बसते, पण वजन २.३ किलो. कॅननची आरएफ १००-५०० मिटली की २१ सेंमी आणि कॉलरसकट, म्हणजे ट्रायपॉडला लावायच्या कड्यासकट, दीड किलोच्या आसपास. म्हणजे पल्ला थोडाफार सारखा असूनही बॅगेच्या लांबीत ११ सेंमीचा फरक पडतो. लेन्स बॉडीला लावूनच ठेवणार असाल तर आणखी सहा ते आठ सेंमी धरा. २००-६०० साठी आतून ४० सेंमी मोकळे हवेत. 'आतून' हे महत्त्वाचं, कारण फोम बरीच जागा खातो आणि जाहिरातीत बहुतेकदा बाहेरचं माप ठळक असतं. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं कवच, उलटा बसवला की घेर वाढतो. कॉलरचा पाय बाजूला फिरवून ठेवता आला नाही तर बॅगेचं झाकण त्यावर टेकतं, चेन ताणली जाते आणि एक दिवस उसवते.

आता प्रकार. लांब लेन्सवाले बहुतेक जण सॅककडेच येतात, आणि ते बरोबरच आहे. खरा प्रश्न सॅक कुठून उघडते हा आहे.

पुढून उघडणारी सॅक, म्हणजे पाठीला टेकणारी बाजू खाली आणि झाकण वर. पूर्ण उघडली की सगळं समोर दिसतं. पण उघडायला ती जमिनीवर आडवी टाकावी लागते आणि पट्टे चिखलात जातात. तोच चिखल मग शर्टावर. शिवाय चेन अर्धवट राहिली तर सॅक उचलताना लेन्स बाहेर घरंगळते. हे मी करून बसलोय. खाली गवत होतं म्हणून वाचलो, हूडवर ओरखडा मात्र अजून आहे.

पाठीच्या बाजूनं उघडणारी सॅक, म्हणजे लोप्रोची फ्लिपसाइड किंवा माइंडशिफ्टची बॅकलाइट, यात दोन्ही कटकटी टळतात. चिखल बाहेरच्या बाजूला लागतो, पट्टे कोरडे राहतात. झाकण पाठीला टेकलेलं असल्यामुळे सॅक अंगावर असताना ना आपोआप काही पडतं, ना गर्दीत मागचा माणूस हात घालू शकतो. आणि कमरपट्टा न सोडता खांद्याचे पट्टे काढून सॅक पोटासमोर फिरवली की तिचं टेबल होतं. ही युक्ती खरंच चालते, पण वजनाच्या हिशेबात. आत ७०-२०० असेल तर आरामात. सहा-सात किलोची सॅक कमरेवर पुढे लोंबायला लागली की मऊ पट्टा वाकतो, सॅक पुढे झुकते आणि आपण एका हातानं तिलाच सावरत बसतो. म्हणजे पुन्हा हात एकच. जड सामानासाठी ही युक्ती विसरा आणि सॅक खाली ठेवूनच बदला.

बाजूच्या छोट्या दारातून कॅमेरा काढायची सोय दिसायला झकास असते. लांब लेन्स त्या दारातून बाहेर येत नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

लेन्स बदलण्यापुरतंच बोलायचं तर खांद्यावरच्या बॅगेला तोड नाही. जिम डोमके हा फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रातला छायाचित्रकार. त्यानं १९७० च्या दशकात कामापायी जी कॅनव्हासची बॅग बनवली तीच डोमके एफ-२. मऊ, अंगाला चिकटून राहणारी, हात घातला की वस्तू सापडते. अशा बॅगेत लेन्स उभ्या ठेवतात, मागचं तोंड वर. नव्या लेन्सचं झाकण आधी नुसतं सैल करायचं. कॅमेरा बंद करून जुनी लेन्स काढायची, रिकाम्या कप्प्यात तशीच उभी करायची, आणि नव्या लेन्सचं झाकण जुनीवर बसवायचं. मग बॉडी वरून नव्या लेन्सवर टेकवून कप्प्यातच फिरवायची. बॉडीचं तोंड सगळा वेळ खाली, त्यामुळे सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, धूळ बसायची भीती कमी. मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सरसमोर आरसा नसतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये लेन्स काढली की सेन्सर थेट उघडा पडतो, तिथे तर हे फारच उपयोगी. लेन्स ठेवतानाच माउंटचा ठिपका आपल्याकडे करून ठेवला की चाचपडावं लागत नाही. बॅग मात्र आतून स्वच्छ हवी, नाहीतर तळाचा कचरा लेन्सच्या मागच्या काचेवर.

पण हे सगळं ७०-२०० एफ/२.८ पर्यंत, म्हणजे साधारण दीड किलो आणि २० सेंमीपर्यंत. ३२ सेंमीची लेन्स उभी केली की बॅगेचं झाकण लागत नाही, आणि एका खांद्यावर पाच किलो घेऊन तासभर चाललं की मान दुसऱ्या दिवशी हिशेब मागते. सगळं गळ्यातल्या पट्ट्यावर घेणाऱ्यांची तर मला दयाच येते.

कमरपट्ट्याला लेन्सच्या वेगवेगळ्या पिशव्या अडकवण्याची पद्धत लग्नाचे आणि खेळांचे फोटो काढणारे वापरतात. वजन कमरेवर येतं, खांदे मोकळे. माइंडशिफ्टच्या रोटेशन १८० मध्ये सॅक पाठीवर तशीच ठेवून तिचा खालचा भाग कमरेभोवती फिरवून समोर घेता येतो. दलदलीत, पाण्यात, जिथे सॅक खाली ठेवायची सोयच नाही तिथे ही कल्पना अफलातून आहे. लांब लेन्स मात्र त्या खालच्या भागात जात नाही, ती वरच राहते.

उरल्या नळकांड्यासारख्या बॅगा. लोप्रोची लेन्स ट्रेकर ६०० एडब्ल्यू ही ६०० एफ/४ सारखी भली मोठी लेन्स बॉडीला लावून नेण्यासाठीच आहे. दुसऱ्या लेन्सला जागा जवळपास नाही. यात नेणं उत्तम, बदलणं शून्य. तुमच्याकडे दुसरी बॉडी असेल आणि लांब लेन्स दिवसभर निघणारच नसेल तर हीच घ्या, बाकीचा घोळ तुमच्यासाठी नाही.

विमानानं जाणार असाल तर रिकाम्या बॅगेचं वजन बघा. बऱ्याच विमान कंपन्यांत हातातल्या सामानाची मर्यादा सात किलो असते. बॅगच अडीच किलोची असली की २००-६०० आणि बॉडी टाकल्यावर जेमतेम दीड किलो उरतो, त्यात दुसरी लेन्स, चार्जर, सगळं.

माझी स्वतःची जोडणी अशी: पाठीकडून उघडणारी सॅक, लांब लेन्स बॉडीला लावलेली, छोटी लेन्स बाजूच्या कप्प्यात, आणि कमरपट्ट्याला रुंद तोंडाची एक रिकामी पिशवी. लांब लेन्स लावलेलीच ठेवतो, कारण पक्षी थांबत नाही, डोंगर थांबतो. घाई नसते तेव्हा सॅक खाली ठेवून निवांत बदलतो. फक्त ७०-२०० पर्यंतच सामान असतं तर मी सॅक घेतलीच नसती, खांद्यावरची बॅग पुरली असती.

बॅग घरी आली की लेबल कापण्याआधी एक करून बघा. सगळं सामान भरा, अंगावर घ्या, दहा मिनिटं जिना चढ-उतर करा. मग दिवा मालवा, पलंगाशेजारी उभे राहा आणि अंधारात लेन्स बदला. पलंगावर काहीही टेकवायचं नाही. तो फक्त पडलं तर झेलायला.