कोल्ड फ्यूजनचा किट: पाचपैकी दोन तारे, तेही पॉवर सप्लायचे

हुपरीत माझं गिलिटाचं काम आहे, सव्वीस वर्षं झाली. हे आधी सांगतो, म्हणजे किट घेण्यामागे माझी हौस किती आणि अक्कल किती, याचा अंदाज येईल.

कोल्ड फ्यूजन म्हणजे नेहमीच्या तापमानाला अणुकेंद्रं एकत्र जुळवून ऊर्जा काढण्याचा दावा. पुतण्यानं मोबाइलवर त्याच्या किटची जाहिरात दाखवली: 'घरच्या टेबलावर मूलद्रव्य बदला.' ६८०० रुपये. खोक्यात काचेची बरणी, झाकण, प्लॅटिनमचा मुलामा दिलेली ॲनोडची (धन टोकाची) जाळी, कॅथोड म्हणजे ऋण टोक म्हणून 'पॅलेडियम'च्या दोन तारा, ५० मिली 'जड पाणी', पोटॅशियम कार्बोनेटची पुडी, तापमापी, छोटा पॉवर सप्लाय आणि एक रंगीत पुस्तिका. पॅकिंग झकास, त्यात खोट नाही.

पहिली शंका पाण्यावर. जड पाणी म्हणजे ड्यूटेरियम या जड हायड्रोजनचं पाणी, ते साध्यापेक्षा सुमारे ११ टक्के वजनदार असतं. पिपेटनं १० मिली मोजून घेतलं आणि दागिन्यांच्या काट्यावर ठेवलं. ११ ग्रॅमच्या वर भरायला हवं होतं, भरलं ९.९६. तरी म्हटलं आपली चूक असेल, म्हणून थोडं बर्फाच्या साच्यात गोठवलं. जड पाण्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. हा पठ्ठ्या ग्लासात मजेत तरंगत होता. बाटलीवर मात्र ९९.८ टक्के शुद्धतेचं लेबल!

तारेचा टंच काढून घेतला. मशीननं निकेल दाखवलं, पॅलेडियमचा मागमूस नाही. टंचवाला मला म्हणाला, "काका, हे तुम्ही घेतलंत?"

तरीही सात दिवस चालवलं, पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम. सातव्या दिवशी तार काळपट झाली. पुन्हा टंच काढला तर निकेलच्या जोडीला तांबं आणि जस्त. पुस्तिकेत छापलेलंच होतं: 'कॅथोडवर नवी मूलद्रव्यं दिसतील, हाच परिवर्तनाचा पुरावा.' मी बरणीत डोकावलो. ॲनोडच्या बाजूची पितळी क्लिप हिरवी पडून अर्धी झिजली होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच की! बुडबुड्यांचे तुषार क्लिपवर उडणार, ती विरघळणार, आणि बाथमध्ये जे उतरतं ते कॅथोडवर चढतं. आम्ही रोज हेच करतो आणि त्याची मजुरी घेतो. दुसऱ्या खेपेला क्लिपांना लाखेचा जाड थर दिला, नवी तार लावली, पुन्हा सात दिवस. टंचात नुसतं निकेल.

उष्णतेचा दावाही असाच. साध्या पाण्यात दर अँपियरला १.४८ वॅट वायूंबरोबर निघून जातात, असं धरून पुस्तिका हिशेब करते आणि बरणी त्याहून जास्त तापली की 'जादा ऊर्जा' म्हणते. पण वायू आतच पुन्हा एकत्र होऊन पाणी झाले, तर गेलेली उष्णता परत येते. इथं झाकण घट्ट, वायू बाहेर जायला भोक नाही. हे फक्त चुकीचं नाही, धोक्याचं आहे. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत असा सेल फुटून एक संशोधक दगावला. मी पहिल्याच दिवशी ड्रिलनं भोक पाडलं. कुणी घेतलाच तर एवढं करा.

पुस्तिकेत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव वापरलंय, त्याचा मात्र राग आला. मार्च १९८९ मध्ये पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातून कोल्ड फ्यूजन साधल्याची घोषणा केल्यावर या केंद्रात संचालक पी. के. अय्यंगारांच्या काळात अनेक गटांनी प्रयोग केले, न्यूट्रॉन आणि ट्रिटियम, म्हणजे अणुक्रिया झाल्याच्या खुणा, सापडल्याचं लिहिलं. त्यांच्याकडे खरं जड पाणी होतं, खरं पॅलेडियम होतं. निष्कर्षांवर वाद घाला, पण त्या माणसांना या बरणीशेजारी उभं करू नका.

बरं, विषयच मेला आहे असंही नाही. गूगलच्या पैशानं चाललेल्या गटाला २०१९ पर्यंत कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही, हे त्यांनी 'नेचर'मध्ये सरळ छापलं. २०२५ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पॅलेडियममध्ये विजेनं ड्यूटेरियम भरल्यावर संमीलनाचा (फ्यूजनचा) वेग सरासरी १५ टक्क्यांनी वाढला. पण तिथं ड्यूटेरियमचा मारा वेगळ्या यंत्रातून होतो आणि वीज घालावी लागते, मिळत नाही. मला विचाराल तर पुढचं काही निघालं तर धातूत वायू कसा ठासायचा या कामातून निघेल, ते आम्हा गिलिटवाल्यांच्या जवळचं आहे. घरात वीज देणारी बरणी माझ्या हयातीत येत नाही.

आणि सोनं? शिशाचं सोनं खरंच होतं. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेच्या ॲलिस प्रयोगात मोजलं, २०१५ ते २०१८ मध्ये मिळून २९ पिकोग्रॅम. माझ्या काट्याचा शेवटचा आकडा एक मिलीग्राम. त्याचे साडेतीन कोटी भाग करा, त्यातला एक.

विक्रेत्याकडे पैसे परत मागितले. उत्तर आलं: 'द्राव वापरलेला असल्यानं माल परत घेतला जाणार नाही.' पॉवर सप्लाय मात्र चांगला निघाला, व्होल्ट हलत नाही. सध्या त्यावर पैंजणांच्या घुंगरांना रोडियम चढतंय.