कॅटामरानवरचा वाऱ्याचा बाण : धोमच्या पाण्यात सात महिने वापरल्यावर

नोव्हेंबर ते मे, सात महिने झाले आमच्या हॉबी १६ वर (दोन सांगाड्यांची शिडाची बोट, कॅटामरान) वाऱ्याचा बाण लावून, म्हणजे विंड वेन. सातारा आणि शिडाची बोट म्हणलं की माणसं आधी तोंडाकडं बघत राहतात, पण वाईजवळ धोम धरणाच्या पाण्यावर दुपारनंतर जे वारं सुटतंय ते एकदा अंगावर घेतलं की परत कुणी विचारत नाही. मी नोकरीला चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला, वारं कुठनं येतंय ते बघणं रोजचंच, त्यामुळं हा बाण मी जरा जास्तच बारकाईनं वापरलाय.

पहिला बाण डोलकाठीच्या, म्हणजे मास्टच्या, टोकावर लावला होता, ती चूक झाली. हॉबीची मास्ट शिडाबरोबर स्वतःभोवती फिरते, मग बाणाखाली खुणेच्या ज्या दोन दांड्या असतात त्या पण तिच्याबरोबर फिरतात, आणि बोटीच्या हिशोबानं वारं किती अंशात आहे तेच कळेना. त्यात २६ फुटावर मान वर करून बघायचं म्हणजे समोरच्या पाण्यावरची नजर सुटते. डिसेंबरात बोट पलटी झाली, मास्टचं टोक खालच्या गाळात रुतलं, अर्ध्या तासानं बोट सरळ केली तर बाण गायब.

मग दुसरा घेतला तो खाली बसणारा. दोन्ही नाळींवरनं (बोटीच्या पुढच्या टोकांवरनं) येणाऱ्या वायरी जिथं फोरस्टेला, म्हणजे मास्टला पुढनं धरणाऱ्या वायरीला, मिळतात तिथं, जिबच्या म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या खाली. ट्रॅम्पोलीनवर (दोन सांगाड्यांच्या मधे ताणलेल्या कापडावर) बसल्या बसल्या समोरच दिसतो, बोट पलटली तरी मास्टच्या टोकासारखा गाळात जात नाही. बसवायला पाना आणि दहा मिनिटं, क्लॅम्पवरनं दोन वेढे इन्सुलेशन टेप मारा नाहीतर जिबची शीट (शीड ओढायची दोरी) त्यात अडकते.

पण बसवायच्या आधी एक काम केलंच पाहिजे आणि ते कुणी सांगत नाही. बाणाची दांडी आडवी धरा, म्हणजे ज्या खिळ्यावर तो फिरतो तो खिळा जमिनीला समांतर, आणि सोडून द्या. माझ्या बाणाची शेपूट लगेच खाली गेली. असा बाण बोट सरळ असताना बरोबर दाखवतो, पण एक हल, म्हणजे एका बाजूचा सांगाडा, पाण्यातनं वर उचलला की शेपूट वजनानं खाली ओढते आणि तुम्हाला वाटतंय वारं बदललं. मी टोकाकडं टेपच्या पट्ट्या गुंडाळत गेलो, एक वेढा, परत सोडून बघायचं, अजून एक, असं करत करत कुठल्याही दिशेला सोडला तरी आहे तिथंच थांबायला लागला तेव्हा उठलो. आणि खिळ्याला तेल घालू नका, धूळ धरतंय, साध्या पाण्यानं धुवा बास.

आता खरा मुद्दा. पवनचक्कीच्या डोक्यावरचा वेन जागेवर उभा असतो म्हणून तो खरं वारं दाखवतो. बोटीवरचा बाण दाखवतो ते तुम्हाला लागणारं वारं, म्हणजे खऱ्या वाऱ्यात बोटीच्या पळण्याचं वारं मिसळून. साताऱ्याहनं वाईला गाडीवर निघालात की वारं कुठनंही असो, तोंडावरच येतं ना, तसंच. बरोबर बाजूनं १० नॉटचं (ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर) वारं आहे आणि बोट पण १० नॉटनं पळतेय तर बाण ४५ अंश पुढं सरकतो आणि अंगाला लागतं ते साधारण १४ नॉटचं. साध्या संथ बोटीवर हा फरक कमी, कॅटामरान पळतेच एवढी की बाण सारखा पुढं पुढं येत राहतो. हे कळायला मला दोन महिने लागले, तोवर मी बाण पुढं आला की वारं फिरलं समजून सुकाणू वळवायचो आणि चांगली पळणारी बोट मारून टाकायचो. वाऱ्याबरोबर खाली जाताना तर सरळ पाठीवर वारं घेऊच नका, बाण बोटीला ९० अंशात ठेवा आणि नागमोडी जा, अंतर वाढतं पण पोचता लवकर.

धोमला हे जास्तच लागतं, कारण कमळगडाच्या एका अंगाला कृष्णेचं खोरं, दुसऱ्या अंगाला वाळकी नदीचं, आणि वारं कधी इकडनं कधी तिकडनं घुसतं. पाण्यावर काळा पट्टा, म्हणजे वाऱ्याचा झोत, पळत येताना दिसतो, तो पोचला की बाण आधी हलतो, मग शीड भरतं. तेवढ्या एका श्वासात शीट ढिली करायला मिळते.

सकाळचं मंद वारं असलं की मात्र बाण ढिम्म. त्यासाठी दोन्ही बाजूच्या वायरींना जुन्या कॅसेटच्या टेपचे वीतभर तुकडे बांधलेत, बाण हलत नाही तेव्हा ते हलतात. लोकर पण बांधून बघितली, ओली झाली की वायरीला चिकटून बसते.

एवढ्या महिन्यांत या दुसऱ्या बाणाच्या शेपटीचा नारिंगी रंग उन्हानं पार पांढरा पडलाय, संध्याकाळच्या उन्हात समोर बघताना दिसत नाही, त्यावर आता काळी टेप लावलीय. बाकी खिळा अजून पहिल्यासारखा फिरतोय. मास्ट उतरवायच्या आधी बाण काढून ठेवतो, आमच्याकडं तो स्टीलच्या डब्यात फडक्यात गुंडाळून असतो, आता पाऊस उघडेपर्यंत तिथंच.