आयलंडवर पेंडंट की डाउनलाइट?

नणंदेच्या नव्या स्वयंपाकघरात मधोमध आयलंड, म्हणजे भिंतीपासून सुटा ओटा, झालंय. आता वायरमन खोळंबलाय आणि घरात दोन पक्ष पडलेत: त्यावर पेंडंट, म्हणजे छतातून टांगलेला दिवा लावायचा, की डाउनलाइट, म्हणजे छतातच बसवलेला. दुकानातला ‘लक्झरी लूक’ बाजूला ठेवून बघू.

आधी उजेड. पेंडंट ओट्यापासून अडीच-तीन फुटांवर टांगला की प्रकाश थेट चिरायच्या पाटावर पडतो. डाउनलाइट छतात असतो. तो आपल्या डोक्यामागे आला की सुरीवर आपलीच सावली. त्यामुळे जागा आखताना इलेक्ट्रिशियनच्या शेजारी उभं राहा.

साफसफाईत पेंडंट मार खातो. शेगडी आयलंडवरच असेल तर फोडणीची तेलकट वाफ शेडवर बसते, तिच्यावर धूळ, मग बोट चिकटेल असा थर. वेताची किंवा कापडी शेड तर विसराच. काच नाहीतर पत्रा. डाउनलाइटला ओलं फडकं पुरतं.

दुरुस्तीत उलटं. साधा होल्डर असलेल्या पेंडंटचा बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. डाउनलाइट गेला की बहुधा अख्खं फिटिंग बदलायचं, आणि भोकाचं माप जुळलं नाही तर पीओपीची डागडुजी.

खर्चात डाउनलाइट स्वस्त, पण फॉल्स सीलिंग आधीच असेल तरच.

पंख्याचं मात्र कुणी सांगत नाही: पात्यांच्या वर डाउनलाइट आला की ओट्यावर सावल्या लपलपतात, आणि पेंडंट वाऱ्याने झुलतो.

शेगडी आयलंडवर असेल, रोज तळण-फोडणी असेल तर डाउनलाइट. आयलंड चिरण्या-निवडण्याला, नाश्त्याला, पोरांच्या अभ्यासाला असेल तर पेंडंट. नणंदेची शेगडी खिडकीखाली आहे, तिने खुशाल दोन पेंडंट टांगावेत.