ज्येष्ठमधाच्या काड्या: धरलेल्या घशासाठी

पुण्यात मंडईजवळच्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून मी ज्येष्ठमधाच्या 50 ग्रॅम काड्या आणल्या. बाहेरून तपकिरी, मोडल्यावर आतून पिवळसर व तंतुमय निघणारी ही काडी खडीसाखरेच्या खड्याबरोबर चघळली, की गोड रस हळूहळू घशात उतरतो आणि आवंढा गिळताना होणारी टोचणी बरीच कमी होते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांना मात्र ती पर्याय नव्हे. त्या मी दिवसातून तीनदा चालूच ठेवल्या. तयार पूड मी घेणार नाही, कारण तिच्यातली भेसळ डोळ्यांना दिसत नाही. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन या गोड घटकामुळे रक्तदाब वाढू शकतो, म्हणून उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी या काड्या टाळाव्यात. दुकानदारांनी हे न विचारता सांगितले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.