शेवटच्या रांगेतून नाशिक

नाशिकला येणारा पाहुणा त्र्यंबकेश्वर, मिसळ आणि वाइन एवढं ठरवून येतो. संध्याकाळी काय करायचं, हे कुणीच ठरवून येत नाही. मग मंडळी कॉलेज रोडला जाऊन त्यांच्या गावातही असलेल्याच दुकानांतून हिंडतात. परवा ठाण्याची नणंदही तेच करायला निघाली होती. तिला म्हटलं, "ताई, शनिवार आहे. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघा आधी." त्यानंतर तिला जे जे सांगितलं, ते जरा नीट लिहून काढतेय.

माझी ओळख एवढीच की दिवसा बँकेत असते आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे नट वाक्य विसरला की ते हळूच त्याला सांगते. विंगेत हातात वही, डोळे नटाच्या ओठांवर. माझा आवाज नटापर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचता कामा नये. स्पर्धेत प्रॉम्प्टिंग बाहेर ऐकू गेलं की परीक्षकांची मान वर होते, आणि मग आमच्या दिग्दर्शकाची माझ्याकडे वळते. त्यामुळे कुठल्याही सभागृहात गेले की खुर्च्या किती मऊ आहेत हे मला दिसतच नाही. हळू बोललेलं वाक्य शेवटच्या रांगेत पोचतं का, हे आधी बघते. खाली जे मत दिलंय ते या कानाचं आहे. तुम्हाला गुबगुबीत सोफे आणि पॉपकॉर्न हवं असेल तर मल्टिप्लेक्स आहेतच.

सुरुवात टिळक पथावरच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहापासून, कारण माझा जीव तिथे आहे. हे सार्वजनिक वाचनालयाचं नाट्यगृह. वाचनालय १८४० सालचं. नाशिककर त्याला 'सावाना' म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगा. नाट्यगृह आटोपशीर आहे. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यात फार अंतर नाही, त्यामुळे नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि श्वास घेतलेला कळतो. घरातल्या चार भिंतींतलं, दोन-तीन पात्रांचं नाटक असेल तर मी डोळे झाकून इथलं तिकीट काढीन.

राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्राची प्राथमिक फेरी इथे होते, आणि बाहेरगावच्या माणसाला मी आवर्जून सांगेन ते हेच: स्पर्धेचं एक तरी नाटक बघा. तिकीट चहा-वड्याच्या पैशात येतं. नाटक चांगलं निघेल याची खात्री नाही. खरं सांगायचं तर काही नाटकं मध्यंतरालाच सुटली तर बरं, अशी असतात. पण प्रेक्षक बघण्यासारखा असतो. निम्मे लोक दुसऱ्या संस्थांचे नट, नेपथ्यवाले, प्रकाशवाले. पडदा उघडल्यावर सामान्य माणूस पात्रांकडे बघतो, हे लोक आधी सेटचा दरवाजा बघतात. तो ढकलल्यावर भिंत हलली की सगळीकडून एक बारीक 'च्च' येतो. प्रकाश अर्धा सेकंद उशिरा आला तरी मागे कुणीतरी "गेला क्यू" असं पुटपुटतंच. आणि नट खरोखर चढला, की हेच खवट लोक पहिल्यांदा टाळ्या देतात. अशा प्रेक्षकांपुढे उभं राहून आलेल्या नटाला नंतर कुठल्याच शहराची भीती वाटत नसणार.

नाटकाच्या तासभर आधी गेलात तर बाहेर टेम्पो उभा दिसेल. सेटच्या भिंतींचे फ्लॅट उतरत असतात, दिग्दर्शक फोनवर कुणावर तरी ओरडत असतो, आणि मुख्य भूमिकेतला मुलगा स्वतःच खिळे-हातोडी घेऊन आत पळत असतो. हौशी रंगभूमीत राजालाही सेट लावावा लागतो. तिथेच उभं राहून चहा घ्या. आणि वेळ असेल तर वाचनालयात डोकवा. मुक्तद्वार विभागात शांतपणे पेपर वाचणारे आजोबा भेटतात, ते पान उलटताना तुमच्याकडे एकदा रोखून बघतात. बूट वाजवू नका. वाचनालयाचं वस्तुसंग्रहालयही आहे, पण त्याची वेळ आधी विचारून घ्या.

तिथून चालत पाच-सात मिनिटांवर शालिमार, आणि तिथे महापालिकेचं महाकवी कालिदास कलामंदिर. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं इथेच लागतात. २०१८ साली नूतनीकरण होऊन ते पुन्हा सुरू झालं. वातानुकूलित आहे, बाल्कनी आहे. मोठ्या नावाचा नट, गाण्याची मैफल, भरपूर माणसांचं संगीत नाटक, यासाठी ही जागा. तिकिटं ऑनलाइनही मिळतात, पण मला खिडकीवर जाऊन प्लॅन बघायला आवडतं. कागदावरच्या त्या चौकोनांवर बोट ठेवून "ही नको, खांबामागे आहे का?" असं विचारण्यात एक मजा आहे (खांब नाहीये, तरी विचारते). माझा सल्ला: पहिल्या तीन रांगांसाठी भांडू नका. तिथे मान वर करून बसावं लागतं आणि नटांचे पाय नीट दिसत नाहीत. मधल्या रांगा घ्या. त्या गेल्या असतील तर बाल्कनीची पहिली रांग. नेपथ्य आणि प्रकाशयोजना सगळ्यात छान तिथून कळते. विनोदी नाटकाला मात्र खालीच बसा. हशा खालून वर जातो, बाल्कनीत तो जरा उशिरा पोचतो आणि तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं.

गाडी आणू नका. शालिमार म्हणजे बाजाराची भर वस्ती. गाडी लावायला जागा शोधता शोधता पहिली घंटा होईल, दुसरी होईल, आणि तिसरीला तुम्ही अंधारात लोकांच्या गुडघ्यांवरून जात असाल. रिक्षा करा.

कालिदासच्या शेजारीच महात्मा फुले कलादालन आहे. नाटकाला लवकर पोचलात तर आत जा. प्रदर्शन चांगलं असेल नाही तर सुमार असेल, पण एक गोष्ट जवळजवळ नक्की: कुठल्या ना कुठल्या भिंतीवर गोदाघाट जलरंगात टांगलेला असणार. नाशिकचे चित्रकार घाटावर कागद-पाणी घेऊन बसतात, ही इथली जुनीच रीत. शिवाजी तुपे यांनी प्रत्यक्ष जागेवर बसून केलेली निसर्गचित्रं आणि शहरचित्रं ज्यांनी पाहिलीत, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. घाटाच्या दगडाचा ओला काळा रंग काढणं सोपं नसतं. नवशिक्यांच्या चित्रात तो डांबरासारखा येतो. मी चित्रातली जाणकार नाही, पण प्रदर्शनात गेले की आधी पायऱ्या बघते, मग देवळं.

आता थोडं जुन्या नाशकात. विजयानंद थिएटरचं नाव शाळेत ऐकलेलं असतं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री तिथे 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता, आणि तो बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या. ज्या शहरात इतिहासाची एवढी मोठी घटना नाटकाला आलेल्या गर्दीत घडली, तिथल्या माणसाला नाटकाचं वेड का, हे आणखी काय समजावून सांगायचं? पाहुण्यांना मी ही गोष्ट मेन रोडवरून चालता चालता सांगते. पुढे सराफ बाजारात पेशवेकालीन सरकारवाडा लागतो. त्याचं लाकूडकाम बाहेरून बघितलं तरी मान दुखते.

सराफ बाजारातून खाली उतरलात की गोदाघाट. इथे तिकीट नाही, छप्पर नाही, आणि ध्वनिव्यवस्था देवाच्या भरवशावर. देव मामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते, शंभरी ओलांडलेली. रोज संध्याकाळी एक वक्ता. विषय अर्थकारणापासून अध्यात्मापर्यंत काहीही. दिवसभर तापलेला दगड तेव्हा अजून गरम असतो, म्हणून जाणती मंडळी घडी केलेली सतरंजी बगलेत मारून येतात. वक्ता रंगात आला की नेमकी एखाद्या देवळातली आरती सुरू होते. मुरलेला वक्ता थांबतो, घंटा संपू देतो आणि त्याच वाक्यापासून पुढे जातो. नवखा माणूस आवाज चढवतो आणि हरतो. वक्त्याची पारख करायला इतकी चांगली जागा मला माहीत नाही. विषय आवडला नाही तर उठून नदीकाठाने चालायला लागा, कुणी वाईट वाटून घेत नाही. समोर नारोशंकराचं देऊळ, त्याची ती मोठी घंटा, आणि पाण्यात पाय रोवून दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात पाणी त्याच्या कुठवर आलं यावरून अख्खं शहर पुराची चर्चा करतं.

दिवाळीत येणार असाल तर पाडव्याची पहाट पिंपळपारासाठी राखून ठेवा. नेहरू चौकातला हा पार, वर पिंपळ, खाली गवई. पाच वाजताच जागा संपतात. लोक ओट्यांवर, जिन्यांवर, गच्चीच्या कठड्यांना टेकून उभे. नवं कोरं पातळ नेसलेल्या बायका आणि अंगाला उटण्याचा वास येणारी पोरं. सभागृहात गायक ऐकू येतो. इथे तो अंगावर येतो, कारण दोन्ही बाजूंच्या जुन्या घरांच्या भिंती आवाज धरून ठेवतात. तानपुरा जुळत असताना पिंपळावरचे पक्षी जागे होतात आणि त्यांचाही एक सूर मध्ये लागतो. ऑर्गनायझरने कितीही पैसे टाकून हे एखाद्या लॉन्सवर उभं करून दाखवावं. नाही जमणार. थंडी असते, शाल घ्या. चप्पल कुठे काढली ते लक्षात ठेवा.

गाण्याचा विषय निघालाच आहे तर पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पंडित पलुस्करांच्या नावाचं सभागृह आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात नाशकात राहिले, त्यांचा मुलगा द. वि. पलुस्कर यांचा जन्म इथलाच. घाटावरून पूल ओलांडून जाता येतं. कार्यक्रम असेल तरच जा.

गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक म्हटलं तर शहराच्या मध्यापासून जरा बाजूला, पण रिक्षाने काहीच अंतर नाही. कुसुमाग्रज म्हणजे तात्यासाहेब शिरवाडकर टिळकवाडीत राहायचे. नाशिककर त्यांना तात्याच म्हणतात, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. स्मारकात विशाखा सभागृह आहे, १९४२ च्या त्यांच्या कवितासंग्रहाचं नाव दिलेलं. पुस्तक प्रकाशन, काव्यवाचन, अभिवाचन, छोट्या मैफली, असं काही ना काही चालू असतं. अभिवाचन ऐकायचं तर इथेच. रंगभूषा नाही, सेट नाही, समोर चार माणसं हातात कागद घेऊन बसलेली. अशा वेळी वाचणाऱ्याने स्वल्पविराम कुठे घेतला तेही ऐकू येतं. बहुतेक कार्यक्रमांना प्रवेश मोफत असतो, आणि म्हणूनच लोक उशिरा येतात. फुकट असलं म्हणून वेळ नसते असं नाही, हे आपल्याकडे कधी कळणार देव जाणे. २७ फेब्रुवारीला नाशकात असाल तर स्मारकाकडे वळाच. त्यांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. वर्षाआड कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान हा साहित्य पुरस्कार दिला जातो. १९९१ चा पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला होता.

एका सभागृहाचं नाव मुद्दाम घेत नाही. तिथे एसीचा आवाज असा होता की दुसऱ्या अंकातली कुजबूज मला ओठांवरून वाचावी लागली. मध्यंतरात सांगायला गेले तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, बंद केला तर लोक ओरडतात." त्याचंही खरंच. थंड हवेसाठी ओरडणारे पुष्कळ, वाक्य ऐकू आलं नाही म्हणून ओरडणारी मी एकटी. आणि प्रेक्षकहो, मोबाइल सायलेंटवर टाकून पुरत नाही. अंधारात तो उघडला की त्याचा उजेड पार विंगेपर्यंत येतो. नट तोंडावर दाखवत नाहीत, पण पुढचं वाक्य त्यांच्या डोक्यातून जातं आणि मग ते माझ्याकडे बघतात.

पोटाचं थोडक्यात सांगते. मिसळीचा नाद संध्याकाळी सोडा, ती सकाळची गोष्ट. नाटकाआधी सायंतारामधला साबुदाणा वडा खा, तोही एकच. दोन खाल्लेत तर पहिल्या अंकात डोळे मिटतील. प्रयोग सुटल्यावर मध्यवस्तीत बसून जेवायला फारसं काही उघडं नसतं, म्हणून साडेसात-आठलाच जेवून घ्या.

एकच संध्याकाळ असेल तर अशी आखा: साडेचारला सावाना, तिथून चालत कलादालन, मग मेन रोडने सराफ बाजार आणि घाट, सात-सव्वासातला परत वर, काहीतरी खाऊन रात्रीचा प्रयोग. चढ फार नाही, पण रस्ता दगडी आणि गर्दीचा, उंच टाचा नकोत. नाटक सुटल्यावर शालिमारला रिक्षा मिळतात, भाव बसायच्या आधी ठरवा. नणंदेने ठरवला नाही. वर रिक्षावाल्याने तिला विचारलं, "कसं होतं नाटक?" आणि तिचं मत ऐकून घेतल्यावर स्वतःचंही सांगितलं, त्याने आधीचा प्रयोग बघितला होता.